पाण्याच्या टाकीशेजारी मिठाचा डबाही ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या चौकात परवा नवा फ्लेक्स लागला. भव्य खुले व्हॉलीबॉल सामने, पहिलं बक्षीस एवढं, दुसरं एवढं, बोकड वेगळा. आणि अगदी खाली, डिपॉझिटच्या ओळीशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय की सामने दुपारी बारापासून सुरू होतील. तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली, म्हणजे नेमकी नवतप्याची, सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली. तो फ्लेक्स वाचून हे पत्र लिहायला बसलो. गिरणीत सध्या गिऱ्हाईक नाही आणि लाईनही गेलेली आहे.

मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात पिठाची गिरणी चालवतो. वय ३६. पंधराव्या वर्षापासून व्हॉलीबॉल खेळतो. नेटजवळ उभं राहून शूटरला, म्हणजे बॉल पलीकडे मारणाऱ्याला, बॉल उचलून देणारा, आमच्याकडे ज्याला लिफ्टर म्हणतात, तो मी. आणि गेली चार वर्षं माझ्या पोटात मोठं आतडं नाही. सगळंच्या सगळं काढलेलं आहे. पोटाच्या उजव्या अंगाला लहान आतड्याचं तोंड बाहेर आणून शिवलंय, त्यावर पिशवी चिकटवलेली असते. सकाळी चहा घेता घेता हे वाचून कोणाला कसंसंच झालं असेल तर माफ करा. मलाही पहिले दोन महिने तसंच व्हायचं, आरशासमोर उभा राहत नव्हतो.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून पंधरा-वीस वेळा पळावं लागतं. तीन वर्षं मी ते मूळव्याध समजून झाडपाल्याची औषधं घेतली. शेवटी नागपूरला दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा खरं नाव कळलं. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, चेहरा फुगला, वजन ४७ किलोवर आलं, आणि एके रात्री डॉक्टरांनी सांगितलं की आता आतडं ठेवलं तर माणूस जाईल. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. पिशव्यांचा खर्च मात्र दर महिन्याला माझ्याच खिशातून जातो. पण आज रडगाणं गायचं नाही, उन्हाचं सांगायचं आहे.

मोठं आतडं काय काम करतं हे ते असताना मला ठाऊक नव्हतं. आमच्या वॉर्डातल्या एका निवासी डॉक्टरनं समजावून सांगितलं. पोरगा शेतकऱ्याचाच असावा, कारण त्यानं उदाहरण दिलं ते कालव्याचं. अन्न पचवण्याचं आणि त्यातलं सत्त्व घेण्याचं मुख्य काम लहान आतडं करतं. उरलेला पातळ द्रव, रोजचा साधारण दीड लिटर, मोठ्या आतड्यात येतो. मोठं आतडं म्हणजे कालव्याच्या टोकाचं शेत. सगळ्यांचं भिजवून झाल्यावर जे पाणी वाहत येतं ते ते पिऊन टाकतं, आणि पाण्यासोबत मीठही परत अंगात घेतं. बाहेर जातं ते जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर पाणी. आता माझं टोकाचं शेतच विकलं गेलंय. पाणी सरळ नाल्यात. माझ्या पिशवीत दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर पातळ पडतं, पोट बिघडलं तर त्याच्या दुप्पट. ते नुसतं पाणी नसतं, चांगलं खारट असतं. म्हणजे घरात पंख्याखाली बसलेलो असलो तरी माझ्या अंगातून मीठ चाललेलंच असतं. त्यावर एप्रिल-मेचं ऊन, त्यावर खेळ, त्यावर घाम. भर उन्हात दमून खेळणाऱ्या धडधाकट माणसाचाही तासाभरात लिटरभर घाम सहज जातो.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं. पटलं गेल्या वर्षी, शेजारच्या तालुक्यातल्या एका सामन्यात.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वर्षभर खेळू दिलं नव्हतं. टाक्याच्या जागी आतडं फुगून हर्निया होऊ शकतो, म्हणून पन्नास किलोचा कट्टा उचलणंही बंद. गिरणीत त्यासाठी एक पोरगा ठेवला. कबड्डी कायमची सुटली, कारण पकडीत सगळा मार पोटावरच बसतो. व्हॉलीबॉलला मात्र हो म्हणाले, पोटाला रुंद पट्टा बांधून आणि बॉलसाठी अंग टाकायचं नाही या अटीवर. लिफ्टरला फार अंग टाकावं लागत नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते काही पूर्ण खरं नव्हतं.

तर त्या सामन्याला मी आयोजकांना आधीच भेटलो. म्हटलं, आमची मॅच सकाळची लावा किंवा पाच नंतरची, मला असं असं आहे. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तू त पेशंट आहेस, मंग खेळतं कायले?" बाकीचे हसले. मीही हसलो, आपल्याकडे अशा वेळी हसावंच लागतं. मॅच लागली दुपारी दीडला. मोबाईलवर तापमान ४३ दाखवत होतं, आणि ते सावलीतलं. आमच्या पायाखाली नांगरून, रोलर फिरवून, चुना मारलेली काळी माती होती. ती किती तापली होती कोण जाणे, बुटातून चटका लागत होता.

पहिला सेट जिंकलो. दुसरा गेला. तिसऱ्या सेटमध्ये बॉल उचलायला हात वर केले आणि बोटं आपोआप आत वळली, उघडेनात. मग पोटऱ्या आल्या, म्हणजे पोटऱ्यांत गोळे चढले. लिफ्टरची बोटं गेली म्हणजे त्याचं सगळंच गेलं. पोरांनी बाहेर आणलं, डोक्यावर पाणी ओतलं, बर्फाचं पाणी पाजलं, एकानं धावत जाऊन कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणली. मी ती सगळी प्यायलो. दहा मिनिटांत पिशवी पाण्यासारख्या पातळ द्रवानं भरून ताणली. मी जितकं पीत होतो तितकं ती भरत होती, आणि मी मात्र आतून सुकतच होतो. माझ्या मेहुण्याला वाटलं, एवढं पाणी पोटात गेलं, आता बरं वाटेल. त्याचं काय चुकलं? आपल्याला सगळ्यांना एवढंच शिकवलंय की उन्हाचं पाणी प्यावं.

तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनच्या तीन बाटल्या चढल्या. पहिली लघवी रात्री नऊला झाली, चहासारखी. किडनीचा रिपोर्ट बिघडलेला आला आणि नीट व्हायला आठवडा लागला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी गिरणीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवल्यात. एक, गेलेल्या मिठाची भरपाई नुसत्या पाण्यानं होत नाही. उलट साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं उरलंसुरलं मीठही पातळ होतं. दोन, गोडमिट्ट पेयांतली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून ती प्यायली की पिशवी आणखी वाहते. तिसरीही एक गोष्ट होती, ती माझ्या टीममधल्या पोरांसाठी. पोटऱ्या आल्या की कोणी तरी खिशातून दुखणं थांबवायची गोळी काढून देतो. सुकलेल्या अंगात ती गोळी किडनीला भारी पडते. मला देऊ नका, आणि तुम्हीही घेऊ नका.

बाईंनी वजन करत जा असंही सांगितलं होतं. गिरणीवाल्याला आणखी काय पाहिजे? माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पन्नास ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो. खेळायला जाण्याआधी पिशवी रिकामी करून, बनियन-चड्डीवर काट्यावर उभा राहतो. आल्यावर पुन्हा पिशवी रिकामी करून, घाम पुसून उभा राहतो. मध्ये प्यायलेलं पाणी हिशेबात धरतो. एक किलो घटलं म्हणजे ढोबळ मानानं एक लिटर गेलं. संध्याकाळच्या सरावाला मी तीनशे-चारशे ग्रॅम घटतो. एकदा हट्टानं दुपारी तासभर खेळून पाहिलं, ६१ किलो ४०० चा ५९ किलो ९०० झालो. दळणात पाव किलो पीठ कमी भरलं तर बाया गिरणी डोक्यावर घेतात. माझं दीड किलो कमी भरलं, कोणी भांडायला आलं नाही.

आता त्या मिठाबद्दल. ओआरएसची पुडी आपल्याला लहान मुलांच्या हगवणीची वाटते. मलाही ती मोठ्या माणसाची वस्तू वाटत नव्हती. पण तिच्यातली युक्ती फार सुंदर आहे. साखर (म्हणजे ग्लुकोज) आतड्याच्या भिंतीतून आत जाताना मिठाला हात धरून सोबत नेते, आणि मिठामागं पाणी जातं. साखर कमी तर मीठ आत शिरत नाही, साखर जास्त तर पाणी उलट बाहेर येतं. म्हणून मापाला महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजानं चिमटी टाकायची नाही, चमचा सपाट करायचा. दळणाचा हिशेब करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

हे पाणी गाजवलं ते आपल्याच देशातल्या एका डॉक्टरनं, हे मला उशिरा कळलं. १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून लाखो निर्वासित आले. पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून ठेवलं, आणि नातेवाईकांनीच रोग्यांना ते भरभरून पाजलं. हजारो माणसं वाचली. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाला. युद्ध चालू असताना चिखलात ड्रम ठेवता आला. आमच्या ग्राउंडवर मंडप आहे, खुर्च्या आहेत, पाहुण्यांसाठी जारचं थंड पाणी आहे. ड्रम ठेवायला जागा नाही?

इथं एक सावधगिरी. कुठल्याही टपरीवर "ओआरएस दे" म्हटलं की पोरगा फळाच्या रसाचा गोड डबा हातात देतो. त्या डब्यांतल्या बऱ्याच पेयांत साखर मापाच्या कितीतरी वर असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेनं, एफएसएसएआयनं, मापात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हे नाव लिहायला मनाई केली. पण नाव तोंडात बसलं की बसलं. म्हणून औषधाच्या दुकानातूनच पुडी घ्या, मागं काय लिहिलंय ते वाचा, आणि पुडी किती पाण्याची आहे ते बघूनच घोळा.

घरचंही चालतं. मीठ घातलेलं पातळ ताक, भाताची खारी पेज, ज्वारीची आंबील. सामन्याच्या दिवशी मी सकाळी मऊ भात, वरण आणि केळं खातो, त्यानं पिशवीतलं जरा घट्ट राहतं. आमच्या घरात माझ्या आईला बीपी, तिला मीठ कमी. मला मीठ जास्त. एकाच चुलीवर दोघांचं, बायको वैतागते. तिनं आता माझ्या ताटाशेजारी मिठाची वाटीच ठेवली आहे, आई त्या वाटीकडं डोळे वटारून पाहत जेवते. ज्यांना बीपी, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी माझं पाहून मीठ वाढवू नये, डॉक्टरांना विचारावं.

आणि संत्री! आमचा भाग म्हणजे संत्र्याचं कोठार. ऑपरेशन होऊन घरी आलो तेव्हा मृग बहाराची फळं चालू होती, भेटायला येणारा प्रत्येक जण पिशवीभर संत्री घेऊन. मी साल आणि पांढऱ्या रेषांसकट पाच-सहा खाल्ली. तो चोथा आतड्याच्या अरुंद तोंडाशी अडकून बसला, रात्रभर पोट ढोलासारखं. तेव्हापासून फोडीतला गर तेवढा चोखायचा, बाकी टाकायचं. हुरडा, मक्याचं कणीस, सुकं खोबरं यांचीही तीच गत. मोर्शीत राहून संत्रं चोखून टाकणारा मी एकटाच असेन.

पिशवीचं आणि उन्हाचं वेगळंच वैर. घामानं तिची चिकट चकती सुटू लागते. म्हणून सामन्याच्या ऐन तोंडावर नवी लावत नाही, आदल्या रात्री लावतो, म्हणजे ती कातडीवर नीट बसते. एकतृतीयांश भरली की रिकामी करतो. एकदा जास्तीची पिशवी मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवली होती, दुपारी काढली तर चकतीचा डिंक वितळून सगळ्या कागदाला माखलेला. आता पिशव्यांचा डबा माठाच्या शेजारी थंडाव्याला असतो.

माझा भाचा अकरावीत आहे, फुटबॉलवेडा. त्यानं मोबाईलवर दाखवलं, मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा खेळाडू डॅरन फ्लेचर. त्यालाही हाच कोलायटिस होता. २०१३ च्या जानेवारीत ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो पुन्हा मैदानात उतरला. भाचा म्हणतो, "मामा, तो खेळू शकते त तू काहून नाही?" मी म्हटलं, बाबू, त्याचं मँचेस्टर, आपला वैशाख.

तरी भाच्याचं खरं आहे. खेळ सोडायचा नाही, वेळ बदलायची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, हे सरकारला कळतं. उन्हाळ्यात मजूर पहाटे शेतात जातात आणि अकराला घरी येतात, हे मजुराला कळतं. मग सामन्यांच्या समितीलाच बारा वाजता खेळवायचं का सुचावं? मी विचारलं तर उत्तर मिळालं, टीम जास्त येतात, दोन दिवसांत संपवायचं असते, आणि रात्री लाईनचा भरवसा नाही. लाईनचं मला पटतं, मी गिरणीवालाच आहे. पण बक्षीस वाटपाच्या रात्री डीजेसाठी जनरेटर येतो. तोच दोन तास आधी सुरू केला तर चार दिव्यांना किती डिझेल लागतं? सकाळी साडेपाचला उजेड होतो. सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते दहा, एवढ्या वेळात एका ग्राउंडवर दिवसाला सात-आठ मॅच आरामात होतात. टीम जास्त असतील तर दोन दिवसांचे तीन करा. बोकड आणखी एक दिवस जगेल.

दुपारी खेळवायचंच असेल तर पंचांना एवढी तरी मुभा द्या. सेटमध्ये तीस सेकंदांचे दोन टाईम-आउट मिळतात, त्यात दम घ्यायचा की पाणी प्यायचं की शूटरशी बोलायचं? पूर्वी मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ८ आणि १६ गुणांवर साठ सेकंदांचा वेगळा थांबा असायचा. गावच्या सामन्यात तो पुन्हा लावायला कोण अडवतंय? आणि कोणी खेळाडू "पाच मिनिटं जाऊन येतो" म्हणाला तर "गेला त परत घेत नाही" असं माईकवरून सांगू नका. त्याचं कारण त्यानं माईकवर सांगावं अशी अपेक्षा आहे का?

माझ्यासारखे पिशवीवाले तालुक्यात किती, हा प्रश्न नाही. ज्याचं आतडं शाबूत आहे त्याच्याही बनियनवर घाम सुकल्यावर पांढरी नक्षी उमटते ना, ते त्याचं मीठच आहे. आदल्या रात्री लग्नात जेवून जुलाब लागलेला शूटर दुसऱ्या दिवशी बाराला उतरला तर त्याची आणि माझी अवस्था एकच.

फ्लेक्सवरच्या नंबरवर मी काल फोन केला. म्हटलं, मिठा-साखरेचा ड्रम मी माझ्या खर्चानं कालवून आणतो, माप माझ्याकडं आहे, फक्त टाकीशेजारी सावलीत एक टेबल द्या आणि आमची मॅच सकाळची लावा. पलीकडचा पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, समितीले इचारून सांगतो." अजून फोन आलेला नाही. टीमचं डिपॉझिट मात्र आम्ही भरलं आहे.

नाव आणि गाव कृपया छापू नये. गावाला सगळं ठाऊक आहे, पण धाकट्या बहिणीला पाहुणे येऊन जातायत, आणि ते आपलाच पेपर वाचतात.

आपला,
एक लिफ्टर, ता. मोर्शी, जि. अमरावती